पिठाचा दोष

"तुझा दगर बिघरलाय, साईनाथ. तू मान नायतर नको मानूस," असं म्हणून मनुबाईंनी फडक्यात बांधून आणलेली भाकरी गिरणीच्या काट्यावर उघडून ठेवली. भाकरी कसली, तिचे तुकडेच होते.

दळणाला आलेल्या दोघी बायका लगेच पुढे सरकल्या. मानपाड्यात मनुबाई कोणाशी भांडत असल्या तर ते चुकवायचं नसतं. साईनाथने पट्टा थांबवला, भुवयांवरचं पीठ पुसलं आणि एक तुकडा तोंडात टाकला. चव झकास होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. तो एवढंच म्हणाला की मावशी, हेच पीठ अख्ख्या गावात जातं, बाकी कोणाची तक्रार नाही. त्यावर मनुबाईंनी त्याला ऐकवलं की बाकीचे घरात बसून खातात, माझी भाकरी मांडवात जाते. तिथे ती फाटलेली निघाली तर नाव साईनाथचं निघत नाही, माझं निघतं. मग साईनाथच्या वडिलांचा उद्धार झाला, त्यांनीच पोराला लाडावून ठेवला म्हणून. शेवटी तांदळाचा डबा काखोटीला मारून मनुबाई रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या गिरणीच्या वाटेला लागल्या.

साईनाथच्या दगडाला काहीही झालेलं नव्हतं. हे पक्कं ठाऊक असलेलं माणूस अख्ख्या मानपाड्यात एकच होतं. ती म्हणजे मनुबाईंची सून संचिता, आणि ती त्या वेळी घरी ओट्याला टेकून, डोळे मिटून उभी होती.

आगरी घरातल्या हळदीला बाकी काय असेल नसेल, तांदळाची भाकरी लागतेच. रस्सा कितीही झणझणीत झालेला असो, पानात भाकरी नसेल तर पाहुणे जेवले असं कोणी म्हणत नाही. मनुबाईंच्या सासऱ्यांची शेती इमारतींखाली गेली, नवरा धाकू अकाली गेला, पण हातातली भाकरी राहिली. तिच्यावर त्यांनी घर चालवलं, मुलाला, प्रणितला, शिकवलं आणि घराच्या मागच्या अंगाला मोठ्या शेगड्यांची एक खोली बांधली. त्यांच्याकडे ही भाकरी लाटत नाहीत की परातीत थापत नाहीत. उकड मळून गोळा घ्यायचा आणि पाणी लावलेल्या दोन तळव्यांमध्ये तो फिरवत, थापत वाढवत न्यायचा, आणि तसाच अलगद तव्यावर सोडायचा. सगळं काम मनगटाचं आणि बोटांचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं की बाई टाळ्या वाजवत बसली आहे.

संचिता शहाडची. वडील साताऱ्याकडून कंपनीत कामाला आलेले, घरात ज्वारीची भाकरी, तीही परातीतली. कल्याणच्या कॉलेजात प्रणितशी जमलं आणि घरी कळलं तेव्हा मनुबाईंनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, भाकरी येते का तेवढं विचारलं. संचिताने येते म्हणून सांगितलं. लग्नानंतर तिने तांदळाच्या उकडीचा पहिला गोळा हातावर घेतला आणि तो कोपरापर्यंत ओघळला. तेव्हा मनुबाई हसून हसून खाली बसल्या होत्या. पण पोरगी चिकाटीची. पुढच्याच लगीनसराईत तिचा हात असा बसला की मनुबाईंनी थापायचं काम तिच्याकडे दिलं आणि स्वतः तव्यापाशी गेल्या. एका लग्नात चार बायकांच्या घोळक्यात त्या म्हणाल्या होत्या, "आता मना चिंता नाय. माझे मागं हाय कोन तरी." पाण्याचा जग घेऊन जाता जाता संचिताने ते ऐकलं. या घरात आपली जागा कशामुळे आहे ते तिला त्या दिवशी कळलं, निदान तिला तसं वाटलं.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमाराला, सातव्या महिन्यात, तिला ताप आला. अंगावर पुरळ उठलं आणि सांधे असे धरले की कूस बदलायला प्रणितला हाक मारावी लागे. डेंग्यूची तपासणी केली, तो नव्हता. व्हायरल आहे, आराम करा, पोटात बाळ आहे तर उगाच जास्त औषधं नकोत, असं सांगण्यात आलं. ताप उतरला. सोनोग्राफीत बाळ ठणठणीत दिसलं आणि घरादाराचा जीव भांड्यात पडला. बाळ ठीक आहे म्हटल्यावर आईला आलेला ताप कोणाच्या लक्षात राहतो? खुद्द संचिताच्याही राहिला नाही.

मार्गशीर्षात उर्वी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण संचिताच्या आईला, शेवंताबाईंना, ते झेपणारं नव्हतं. सांधेवाताने त्यांची बोटं पार वाकलेली. स्वतःच्या ब्लाउजचे हुक लावायलाही त्यांना शेजारीण लागे. तेव्हा मनुबाईंनीच सगळं केलं. शेक, धुरी, तेल, मेथीचे लाडू, कशात कसूर नाही. सव्वा महिना सुनेला पाण्यात हात घालू दिला नाही. सव्वा महिना सरला, त्यानंतरचेही दिवस सरले, आणि तरी संचिताचं अंग काही उभं राहीना.

थकवा म्हणजे दमणं नव्हे. दमलेलं माणूस झोपून उठलं की बरं होतं. संचिता झोपून उठायची तीच थकलेली. केस विंचरून झाले की बसावं लागे. जिना चढताना मधेच कठड्याला धरून ती कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी उभी राही. बाळाला पाजता पाजता बाळाच्या आधी तिचाच डोळा लागे. येणारी-जाणारी म्हणायची, होतं असं बाळंतपणात. काही जणी आजकालच्या मुलींबद्दलही बोलायच्या. प्रणित एमआयडीसीत पाळीवर कामाला. त्याने टॉनिकची बाटली आणून फ्रिजवर ठेवली आणि आपल्या परीने विषय मिटवला.

आणि हात. सकाळी मुठी वळत नसत. मनगटं गरम आणि बोटांची पेरं फुगलेली. गिझरच्या पाण्याखाली हात धरून ती बराच वेळ उभी राही, तेव्हा कुठे बोटं हलू लागत. हातातल्या हिरव्या बांगड्या तिने काढून ठेवल्या आणि बाळाला लागतात असं सांगितलं. खरं म्हणजे त्या मनगटात रुतायच्या. उर्वीला ती बोटांनी उचलतच नसे. दोन्ही हात कोपरापर्यंत तिच्याखाली सरकवायची आणि सुपात घेतल्यासारखं उचलायची. एकदा कपाटाच्या आरशात तिने स्वतःला तसं करताना पाहिलं. तिची आई सगळ्या वस्तू अशाच उचलायची. पाण्याचा तांब्या, उशी, नातेवाइकांची मुलं, सगळं असंच.

आईचं दुखणं संचिताच्याच जन्मानंतर सुरू झालं होतं. तिला कोणी त्याबद्दल बोल लावला नव्हता, पण "संचू झाली आणि हिचे हात गेले" हे वाक्य ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. आईची वेणी घालणं, आईला पोळीचे घास करून देणं, हे करतच ती मोठी झाली. त्यामुळे आपल्याला काय झालं आहे याबद्दल तिला शंकाच नव्हती. डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर त्या दुखण्याचं नाव घेणार, आणि एकदा नाव घेतलं की मग ते परत करता येणार नाही, म्हणून ती गेली नाही. हा काही शहाणपणा नव्हता. पण अशा वेळी शहाणपणाने वागणारी माणसं मी तरी फार पाहिलेली नाहीत.

भाकऱ्या फाटायला लागल्या तेव्हा मनुबाईंनी आधी पिठाकडे पाहिलं, आणि ते साहजिकच होतं. त्यांच्याकडे भाकरी तुटली की पिठाला जाब विचारतात. तांदूळ नवा होता का, दळण जाडं पडलं का, उकड कच्ची राहिली का. थापणारीला कोणी काही विचारत नाही, कारण एकदा बसलेला हात बिघडतो हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. संचिता गप्प राहिली. पहिल्या दिवशी बोलली असती तर सोपं होतं. मग तांदूळ बदलला, मग साईनाथची खरडपट्टी निघाली, आणि बोलणं रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. उर्वीला डोस द्यायला नेताना ती गिरणीसमोरून न जाता मागच्या गल्लीने वळसा घालून जायची.

चैत्रात भोपरच्या एका घरची हळदीची ऑर्डर आली. घर ओळखीचं, पाहुणे भरपूर. मनुबाईंनी जुना तांदूळ काढला, नव्या गिरणीतून दळून आणला, दोनदा चाळला. दुपारी कामाला बसल्या. कोपऱ्यातल्या झोळीत उर्वी झोपलेली. संचिता थापणार, मनुबाई भाजणार, नेहमीसारखं. सुरुवातीच्या भाकऱ्या बऱ्या निघाल्या, कारण संचिता गरम पाण्यात हात बुडवून आली होती. मग एक काठाशी फाटली. मनुबाईंनी ती बाजूला ठेवली. पुढची तव्यावर सोडतानाच दुभंगली. त्यानंतरची मधोमध.

मनुबाईंनी उलथनं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ऊठ. तू भाज, मी थापतंय."

जागा बदलल्या. मनुबाईंनी त्याच परातीतला गोळा घेतला, पाण्याचा हात लावला, आणि भाकरी त्यांच्या तळव्यांमध्ये मोठी होत गेली. तव्यावर पडली ती अखंड. दुसरी अखंड. तिसरीही. संचिता खाली मान घालून उलटत राहिली. भाकऱ्या एकामागून एक टम्म फुगत होत्या.

"पीठ चांगला हाय," मनुबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी वर पाहिलं. सून उलथनं दोन्ही हातांनी धरून भाकरी उलटत होती.

"हात दाखव."

संचिताने काही नाही, जरा आखडलाय, असं काहीतरी पुटपुटत हात ओढणीखाली घेतला. मनुबाईंनी तो बाहेर काढला आणि मनगट आपल्या बोटांत धरलं. संचिताने ओठ दाबून धरले तरी तोंडातून आवाज निघालाच.

"कवापासून?"

"उर्वी पोटात होती तेव्हापासून. तो ताप आलेला ना, त्याच्यानंतर." एवढं बोलल्यावर पुढचं तिला थांबवता आलं नाही. "मम्मी, मला आईसारखं झालंय. माझे पण हात जाणार."

ती रडायला लागली. इतक्या महिन्यांचं रडणं होतं, ते लवकर आटपण्यासारखं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली, खोलीत धूर झाला, आणि मनुबाईंच्या हयातीत प्रथमच त्या घरात भाकरी करपत असताना कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. शेवटी मनुबाईंनी हात लांबवून शेगडी बंद केली. सुनेचा हात त्यांनी मांडीवर घेतला. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आनी मी साईनाथचे बापाला पन सोरला नाय."

त्यांचा चेहरा इतका पडला होता की संचिताला रडता रडता हसू आलं.

"मना सांगाचा नाय?" मनुबाईंनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालेलात, माझ्या मागे कोणीतरी आहे. हातच गेले तर मग मी कोण या घरात?"

मनुबाईंना हे आठवायला वेळ लागला. आठवल्यावर त्यांना रागच आला, पण नक्की कोणाचा ते त्यांनाही कळलं नसावं. "भाकरी थापाला बाया मिलतान गो," त्या म्हणाल्या. "एक हाक मारली तर दारात येतीन. सव्वा महिना तुझे अंगाला तेल लावला मी, या हातांनी. आनी मना कलला नाय तुला दुखतंय. तुला काय वाटला, मी तुला मनगटासाठी आनली?"

उत्तराची वाट न बघता मनुबाई उठल्या, दारात जाऊन दोन हाका मारल्या आणि खरंच दोघी शेजारणी पदर खोचत आल्या. रात्रपाळी करून झोपलेल्या प्रणितला उठवून तव्यापाशी बसवलं. काय झालंय ते त्याला भाकऱ्या उलटता उलटता कळलं. त्याने दोनदा हात भाजून घेतला, एकदा संचिताकडे बघून नुसतंच "अगं..." म्हणाला, आणि भराभर भाकऱ्या उलटत राहिला. संध्याकाळी टेंपो आला तेव्हा ऑर्डर तयार होती. एकाही भाकरीला चीर नव्हती.

दुसऱ्या दिवशी मनुबाई सुनेला कल्याणला सांध्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. प्रणित रजा काढतो म्हणाला, पण त्यांनी उर्वीला कडेवर घेतलं आणि सांगितलं की तू तव्यापाशी बरा होतास. डॉक्टरीण तरुण होती. तिने प्रत्येक पेर दाबून पाहिलं, घरात कोणाला आहे का विचारलं, संचिताने आईचं सांगितलं. ते ऐकून डॉक्टरीण थोडा वेळ लिहीत राहिली आणि तेवढ्या वेळात संचिताने मनातल्या मनात हात गेलेच असं धरून टाकलं. मग डॉक्टरिणीने विचारलं की गरोदरपणात कधी ताप आला होता का. संचिताच्या तापाबद्दल एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. रक्त घेतलं. रिपोर्ट यायला काही दिवस लागतील असं कळलं.

ते दिवस वाईट गेले. संचिताने आईला फोन केला नाही. काय सांगणार होती? शेवंताबाईही बारशानंतर मानपाड्याला फिरकल्या नव्हत्या; कधी गुडघा दुखतो, कधी रिक्षा मिळत नाही. मनुबाईंनी एकवीरेला काहीतरी बोलून ठेवलं होतं हे उघड होतं, कारण त्यांनी अचानक मासे सोडले आणि विचारलं तर पोट बरं नाही म्हणाल्या.

याच दिवसांत एका सकाळी त्या तांदळाचा डबा घेऊन साईनाथच्या गिरणीत गेल्या. साईनाथ त्यांना बघून जरा मागेच सरकला. मावशींचं मन राखायला म्हणून त्याने मधल्या काळात माणूस बोलावून दगडाला नव्याने टाकी लावून, छिन्नीने खाचा पाडून घेतल्या होत्या, गरज नसताना. ते त्याने मोठ्या अदबीने सांगितलं आणि म्हणाला की आता भाकरी तुटणार नाही, माझी गॅरंटी. मनुबाईंना तिथेच विषय सोडता आला असता. दगड सुधारला, भाकरी सुधारली, कोणाला काही कळलं नसतं. त्यांनी डबा काट्यावर ठेवला आणि गिरणीत उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दगर तुझा चांगलाच व्हता. माझे सुनेचा हात दुखत व्हता, मना दिसला नाय." मनुबाईंच्या आयुष्यात माफी या प्रकाराच्या जवळ जाणारी ही एवढीच गोष्ट. साईनाथने त्या दिवशी दळणाचे पैसे घ्यायला नको म्हटलं आणि त्याबद्दल त्याला पुन्हा बोलणी खावी लागली.

रिपोर्टच्या दिवशीही दोघीच गेल्या, कडेवर उर्वी. डॉक्टरीण कागद वाचत असताना संचिता तिच्या चेहऱ्याकडे न बघता टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली.

"तुमच्या आईचा आजार तुम्हाला नाहीये," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्हाला तेव्हा चिकुनगुनिया झालेला. ही सूज त्याची राहिलीय, आणि हा थकवापण."

पुढचं संचिताला तुकड्या-तुकड्यांनी ऐकू आलं. काही जणांना हे महिनोन् महिने छळतं. हळूहळू उतरेल, बहुतेकांचं उतरतं. मधेच एखादा दिवस पुन्हा वाईट जाईल, तेव्हा घाबरायचं नाही, पण ठरल्या वेळी येऊन दाखवायचं. अंगावर पाजणाऱ्या आईला चालेल अशी गोळी. बाळ छान आहे. तोवर मनगटाला जोर देणारं काम नाही. या शेवटच्या वाक्याला मनुबाईंनी डॉक्टरिणीला थांबवलं आणि ते पुन्हा एकदा, सुनेकडे बघून, जरा मोठ्याने सांगायला लावलं. मग आईचा आजार नाही हेसुद्धा पुन्हा विचारून घेतलं. डॉक्टरीण हसली आणि पुन्हा तेच म्हणाली.

बाहेर आल्यावर संचिता दवाखान्याच्या पायरीवरच बसली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. हात तसेच सुजलेले होते, तसेच दुखत होते, आणि ती त्यांच्याकडे बघून हसत होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेड लागलंय असं वाटलं असेल. तिने प्रणितला फोन लावला. तो मशीनच्या आवाजात काय, काय, करत राहिला आणि ऐकू आल्यावर त्याने तेच पुन्हा सांगायला लावलं.

मनुबाईंनी रिक्षा थांबवली होती. संचिताला वाटलं डोंबिवलीकडे, घरी जायचं आहे. पण मनुबाईंनी रिक्षावाल्याला शहाड सांगितलं. संचिताने आश्चर्याने बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या की घर कुठे पळून जात नाही, आधी आईला सांग. "मना ठाव हाय ती का येत नाय आपलेकरं," एवढंच म्हणून त्या बाहेर बघत बसल्या.

शेवंताबाई पहिल्या मजल्यावर एका खोलीत राहत. कडी त्यांनी मनगटाने सरकवली, त्याचा ओळखीचा आवाज आला. दारात लेक आणि विहीणबाई, त्याही न कळवता, बघून त्यांचा चेहरा उतरला. बसा म्हणाल्या, पाणी आणायला वळल्या, पण त्यांचं लक्ष संचिताच्या हातांवर होतं.

"बारशालाच दिसलं मला," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "उर्वीला उचलत होतीस ते. म्हटलं, आलं. काय तोंड घेऊन येऊ तिकडे? माझंच दिलेलं."

"नाही आई," संचिता म्हणाली. "ते नाहीये. तपासलं सगळं. त्या तापाचं आहे, जाणार आहे ते. तुझं नाहीये मला." शेवटचं वाक्य तिने आनंदात जवळजवळ ओरडूनच म्हटलं आणि म्हटल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. आईची बोटं तिच्या समोर होती. 

पण शेवंताबाईंना त्यात काही लागलं नव्हतं. त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा संचिताला आठवतंय तेव्हापासून तिने कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"नक्की?" त्यांनी विचारलं, आणि ते लेकीला नाही, मनुबाईंना विचारलं.

"डॉक्टरीन बोल्ली," मनुबाई म्हणाल्या. "मी दोनदा इचारला."

शेवंताबाईंनी मान हलवली. मग त्या फळीवरच्या देवांकडे गेल्या आणि त्यांनी हात जोडले. बोटं एका अंगाला वळलेली, तळवे एकमेकांना पुरते टेकत नव्हते, मधे फट राहत होती. तसेच जोडून त्या उभ्या राहिल्या, बराच वेळ. मनुबाईही उठून त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. कडेवर उर्वी होती, त्यामुळे त्यांना हात जोडता येईनात. त्यांनी नुसती मान खाली घातली.